विलायतेची टोपी अंजनगावात कशी आली

परदेशातून एक टोपी मागवायची तर काय काय करावं लागतं, हे मला सांगणारं कुणी नव्हतं. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या आमच्या गावात संत्र्याच्या बहाराबद्दल किंवा पानपिंपरीच्या भावाबद्दल विचारलं, तर पारावरचे दहा जण सांगतील. कस्टमबद्दल विचारलं तेव्हा सगळे माझ्याकडेच बघत राहिले. आता टोपी घरी आली आहे, घालूनही झाली आहे. पावत्या आणि तारखांची वही समोर ठेवून जसं घडलं तसं लिहिते.

मी घरी शिवणकाम करते. ब्लाऊज, परकर, आणि डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या स्नेहसंमेलनाचे कपडे. टोप्यांचा नाद लागला तो २०१५ च्या तान्ह्या पोळ्याला. मुलगा चार वर्षांचा होता. लाकडी बैल घेऊन निघायचं, तर डोक्यावर पगडी हवी म्हणून हटून बसला. बाजारातली पुठ्ठ्याची पगडी दारातच फाटली. मग आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, लोखंडी पेटीतून सासऱ्यांचं लाल पागोटं काढून दिलं. ते कसं बांधायचं हे घरात कुणालाच येईना. गल्लीतल्या आबाजींकडे गेले. त्यांनी पोराच्या डोक्यावर ते असं काही बसवलं की दिवसभर धावूनही सुटलं नाही. दुसऱ्या दिवसापासून सहा संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसून मी शिकले. "पयला पेच कानावर दाबून बसला पायजे, मंग बाकीचे आपोआप बसतात," एवढं एकच वाक्य ते पुन्हा पुन्हा सांगत.

आज माझ्याकडे २३ शिरोभूषणं आहेत. बांधायची पागोटी आणि फेटे आहेत, शिंदेशाही आणि पुणेरी घाटाच्या शिवलेल्या पगड्या आहेत, गुरुदेव मंडळाची भगवी टोपी आहे, गांधी टोपी आहे, फुंदा असलेली लाल तुर्की टोपी आहे. एक जुनी साहेबी सोला टोपी अमरावतीच्या भंगारवाल्याकडून १२० रुपयांना मिळाली. ती हातात घेतली की वाटतं, आत काही आहे की नाही. पाणथळीत वाढणाऱ्या सोला नावाच्या झुडपाच्या पांढऱ्या गाभ्याची ती असते. बंगालमध्ये नवरदेवाचा टोपोरही त्याच गाभ्याचा करतात.

एक शिरोभूषण मात्र मी कधी केलं नाही आणि करणारही नाही. गाडगेबाबांचा जन्म आमच्याच तालुक्यातल्या शेंडगावचा, २३ फेब्रुवारी १८७६ चा. डोक्यावर फुटक्या गाडग्याचं खापर. त्याच खापरात ते भाकरी घेत. पोरं दरवर्षी संमेलनासाठी मागतात, आणि मी त्यांना सांगते की ते घरून आपापलं आणा.

मी टोप्या नुसत्या ठेवत नाही, घालते. गणपतीत, तान्ह्या पोळ्याला, कधी मशीनवर बसल्या बसल्याही. सुरुवातीला शेजारच्या काकू म्हणाल्या, "बाईमाणसानं पागोटं घालाव काय ओ?" मी त्यांना बसवून पागोटं बांधून दिलं आणि आरसा हातात दिला. बराच वेळ त्यांनी तो खाली ठेवला नाही. पुढच्या लग्नात त्यांच्या घरचे चौदा फेटे मीच बांधले.

विलायती टोपीचं निघालं ते गाविलगडामुळे. आमच्या घराच्या गच्चीवरून उत्तरेला सातपुड्याची रांग दिसते, आणि त्याच रांगेत चिखलदऱ्याजवळ तो किल्ला आहे. २९ नोव्हेंबर १८०३ ला इंग्रज आणि भोसले-शिंदे यांच्यात अडगावची लढाई झाली, १५ डिसेंबरला इंग्रजांनी गाविलगड घेतला, १७ तारखेला भोसल्यांनी देवगावचा तह केला आणि ३० डिसेंबरला शिंद्यांचा तह झाला तो सुर्जी अंजनगावचा. म्हणजे आपल्या तालुक्याचं नाव पुस्तकात ज्या महिन्यामुळे आहे, तो हा महिना. त्यावर शाळेत दरवर्षी नाटिका बसते. आणि दरवर्षी इंग्रजांचा सेनापती जनरल वेलस्ली सोला टोपी घालून येतो, कारण साहेब म्हटला की ड्रेपरीवाला तीच देतो.

मला हे फार खटकायचं. सोला टोपी हिंदुस्थानातल्या गोऱ्या सैन्यात रुळली ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर. १८०३ मधला इंग्रज सेनाधिकारी काळ्या नमद्याची, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीची, दोन कोनांची टोपी घालायचा. तिला बायकॉर्न म्हणतात. त्याच्या आधी तीन कोनांची ट्रायकॉर्न होती. पुढचा कोन मिटत गेला आणि दोन उरले. वेलस्ली ती नाकाच्या रेषेत, एक टोक पुढे आणि एक मागे, अशी घाली. नेपोलियन आडवी घाली, दोन टोकं दोन्ही खांद्यांवर. पुढे १८१५ मध्ये वॉटर्लूला हे दोघे समोरासमोर आले तेव्हाही दोघांच्या डोक्यावर याच जातीची टोपी होती. टोपीला साल असतं. साल चुकलं की पोरांच्या डोक्यात सगळा इंग्रजी काळ एकच होऊन बसतो, आणि मग १८०३ आणि १९४२ त्यांना सारखेच वाटतात.

आधी मी ती घरीच करून पाहिली. ऑगस्ट २०२३ मध्ये जाड बुकरम, काळं कापड आणि खळ घेऊन बसले. ३८० रुपये गेले. दोन दिवस उभी राहिली, तिसऱ्या दिवशी पाऊस लागला आणि काठ खाली आले. नमद्याची टोपी शिवून होत नाही. लोकरीचा नमदा वाफेवर मऊ करून लाकडी कालबुतावर, म्हणजे डोक्याच्या आकाराच्या साच्यावर ओढतात, तिथेच वाळवतात आणि कडक करतात. तसा जाड नमदा आणि तसं कालबूत मला अमरावतीत मिळालं नाही. मग मागवायचंच ठरवलं.

पैशांची सोय भिशीतून केली. मे २०२४ मध्ये माझा नंबर लागला, १५,००० मिळाले. आईंना सांगितलं तेव्हा त्या भाकरी थापत होत्या. हात थांबला. "एवढे पैशे डोक्यावर ठेवाले?" एवढंच म्हणाल्या आणि दोन दिवस माझ्याशी कमीच बोलल्या. त्यांचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. त्या वर्षी कापसाला भाव नव्हता.

आता मापाचं. कपाळावर भुवयांच्या एक बोट वर आणि मागे डोक्याचा सर्वांत फुगीर भाग, असा टेप फिरवायचा. तीनदा मोजायचं, मोठं येईल ते धरायचं. माझं माप ५७ सेंटिमीटर. इंग्लंडच्या मापात ते ७ आणि अमेरिकेच्या मापात ७ १/८ होतं. त्यामुळे नुसता '७ नंबर' लिहू नका, सेंटिमीटरच लिहा. बायकांसाठी आणखी एक. टोपी घालताना केस जसे बांधणार असाल, तसे बांधूनच मोजा. मी मोकळ्या वेणीवर मोजलं आणि घालायची होती अंबाड्यावर. ते पुढे भोवलं.

इंग्लंडमध्ये जुन्या घाटाच्या टोप्या हाताने करणारा एक छोटा कारखाना आहे, त्यांना इंग्रजीत पत्र लिहिलं. माझ्या मागण्या तीन होत्या. नमदा मेंढीच्या लोकरीचा हवा. पीस किंवा केसाळ कातडं कुठेही नको, कारण प्राण्या-पक्ष्यांचं काही असलं की तपासणी वाढते. आणि कोकार्ड, म्हणजे टोपीच्या बाजूला लावतात ती फितीची चकती, काळी हवी. त्यांच्या नमुन्यावर लाल-पांढरी-निळी होती, ती फ्रेंचांची. इंग्रजांची काळी. हे तिन्ही मुद्दे बिलावर लिहून द्या असंही सांगितलं. ते बिलावरचं लिखाण नंतर फार कामी आलं.

१८ जून २०२४ ला पैसे भरायला बसले आणि कार्ड तीनदा नाकारलं गेलं. खात्यात पैसे असून. दुसऱ्या दिवशी बसने अंजनगावला बँकेत गेले तेव्हा कळलं, की कार्डावर परदेशी व्यवहार आपण स्वतः चालू करावा लागतो. २०२० पासून नवीन कार्ड फक्त देशातल्या वापरासाठीच चालू मिळतं. बँकेच्या ॲपमध्ये एक बटण आहे. ते चालू करायचं, मर्यादा लिहायची, पैसे गेले की पुन्हा बंद करायचं. टोपीचे ९५ पौंड आणि टपालाचे २८. बँकेच्या आकारासकट खात्यातून १३,६१२ रुपये गेले.

कारखान्याने सहा आठवडे सांगितले होते, सात लागले. त्या काळात पेरणी झाली, निंदण झालं, मुलगा आठवीत गेला. ६ ऑगस्टला पार्सल निघाल्याचं पत्र आलं आणि सोबत तेरा खुणांचा क्रमांक. आधी दोन अक्षरं, मग नऊ अंक, शेवटी देशाची दोन अक्षरं. पार्सल भारतात शिरलं की हाच क्रमांक आपल्या टपाल खात्याच्या संकेतस्थळावर टाकता येतो. १९ ऑगस्टला ते मुंबईत पोचलं असं दिसलं. मी आईंना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पाहिलं.

त्यानंतर चौदा दिवस एकच ओळ. कस्टमकडे आहे. सकाळी चहा ठेवला की मी तो क्रमांक टाकायची, दुपारी मशीन बंद केली की पुन्हा. इतके पैसे आणि इतका हट्ट, आणि वस्तू परत गेली तर घरात काय तोंड दाखवायचं, हाच विचार रात्री यायचा. ज्यांना अशी वाट बघावी लागते आहे त्यांनी एवढंच ध्यानात ठेवा, की ती ओळ दोन-तीन आठवडे हलली नाही म्हणजे पार्सल हरवलं असं नाही.

३ सप्टेंबरला, नेमका तान्हा पोळा, अंगणात अठरा पोरं पागोटी बांधून घ्यायला रांगेत उभी होती आणि पोस्टमन भाऊ आले. "ताई, मुंबईचं कागद हाय, सही द्या." कस्टमचं पत्र होतं. पोरांचं आटोपून संध्याकाळी ते तीनदा वाचलं तेव्हा घोळ समजला. पाठवणाऱ्या माणसाने पार्सलवरच्या जाहीरनाम्यात 'भेटवस्तू' या खान्यात खूण केली होती. मला कर कमी पडावा या चांगल्या हेतूने. पण आपल्याकडे डिसेंबर २०१९ पासून टपालाने किंवा कुरिअरने भेट म्हणून वस्तू मागवायला बंदी आहे. राखी आणि जीवरक्षक औषधं एवढीच सोडली आहेत. म्हणजे मदत म्हणून केलेल्या खुणेनंच टोपी अडकली होती. पाठवणाऱ्याला ऑर्डर देतानाच लिहा, की 'विक्री' या खान्यातच खूण करा आणि खरी किंमत लिहा. मला हे माहीत असतं तर एक महिना वाचला असता.

पत्रात मागितलेले कागद असे: मूळ बिल, पैसे भरल्याचा पुरावा, ओळखपत्र, आणि वस्तू काय आहे व कशासाठी याचा खुलासा. बिल होतं. पुरावा म्हणून बँकेच्या विवरणाचं ते एकच पान काढलं, त्या ओळीखाली रेघ मारली. आधार आणि पॅन दोन्हीच्या प्रतींवर सही केली, आणि 'फक्त या पार्सलसाठी' असं आडवं लिहिलं. खुलाशाचा अर्ज लिहायला दोन रात्री लागल्या. पहिल्या खर्ड्यात मी वेलस्ली, गाविलगड, सगळं लिहिलं होतं. नवऱ्याने वाचून सांगितलं, अधिकाऱ्याला यातलं काहीच लागणार नाही. मग चार वाक्यं ठेवली. ही वस्तू भेट नसून मी विकत घेतली आहे, पैसे अमुक तारखेला अमुक खात्यातून भरले आहेत. पाठवणाऱ्याने चुकून भेट अशी नोंद केली आहे. वस्तू म्हणजे लोकरीच्या नमद्याची एक टोपी असून ती विक्रीसाठी नाही, स्वतःच्या वापरासाठी आहे, आणि तिच्यात पीस किंवा कातडं नाही. नियमाप्रमाणे कर भरायला मी तयार आहे. पाठवणाऱ्याकडूनही चूक कबूल करणारं एक ओळीचं पत्र मागवून जोडलं. अर्जात टोपीचा फोटो लावला, कारण इंग्रजीत या टोपीचं नाव वाचून कुणाला ती टोपी आहे हे कळेलच असं नाही.

सेतूशेजारच्या केंद्रात स्कॅन आणि प्रिंटचे ६० रुपये, स्पीड पोस्टचे ८२. पत्रावरच्या ई-मेलवरही तेच कागद पाठवले. पत्रावरचा क्रमांक प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात लिहिला. केंद्रातल्या मुलाने शिकवलेली ही गोष्ट. पानं सुटी झाली तरी आपलं काय आहे ते कळतं.

६ सप्टेंबरला पाठवलं. २७ ला ओळ हलली. ५ ऑक्टोबर, शनिवार, नवरात्राचा तिसरा दिवस, पोस्टमन भाऊंचा फोन आला. "ताई, आलं तुमचं. पण पैशे लागतीन, अंजनगावलेच या." कर आणि टपालाचा आकार मिळून ५,७४० रुपये. भिशीचे उरलेले आणि नवरात्रातल्या ब्लाऊजांचे मिळून नेले. दर बदलत राहतात, म्हणून आकडा पाठ करू नका, पण टोपी आणि टपाल मिळून जो खर्च होईल त्याच्या निम्मी रक्कम बाजूला काढून ठेवा. कर टपालखर्चासकट किमतीवर लागतो, नुसत्या टोपीवर नाही.

खोकं पोस्टाच्या टेबलावरच उघडलं, मुलाला व्हिडिओ काढायला सांगून. एक कोपरा चेपला होता. आत पातळ कागदात ती काळी टोपी, डाव्या काठाला खोल वळी पडलेली. माझ्या पोटात खड्डा पडला. पण नमदा कापडासारखा मोडत नाही, त्याला वाफ द्यायची असते. गावच्या सुतारभाऊंनी ४५० रुपयांत ५७ सेंटिमीटरचं सागवानी कालबूत करून दिलं. मापासाठी मी त्यांच्याकडे माझ्याच डोक्यावर बसणारं एक पातेलं नेलं होतं. टोपी कालबुतावर चढवून, पातेल्यात पाणी उकळून, वाफेवर एक वीतभर उंच धरायची. नमदा मऊ लागला की बोटांनी आतून बाहेर वळी दाबत जायची, आणि गार होईपर्यंत सोडायची नाही. वाफेत फार वेळ धरली तर सगळाच काठ लोळतो. मी चार वेळा थोडी थोडी दिली. पाचव्यांदा हात दुखला तेव्हा आईंनी दुसरी बाजू धरली.

मापाची चूक मात्र राहिलीच. अंबाड्यावर टोपी वर उचलली जाई आणि वाऱ्यात हलायची. आतल्या पट्टीत कापसाची सुरळी शिवून कपाळाकडून घट्ट केली आणि अंबाडा खाली, मानेवर बांधायला लागले.

१५ डिसेंबर २०२४ रविवारीच आला. वनखात्याकडे आधी जाऊन सगळ्यांची नावं लिहिलेला अर्ज दिला होता. किल्ला मेळघाटात, त्यामुळे वेळेत आत आणि वेळेत बाहेर. एका क्रूझरमध्ये गल्लीतली अकरा पोरं, तीन बायका आणि माझी टोपीची पेटी. परतवाड्याहून घाट चढताना गारठा लागला.

दरवाज्यातून आत गेल्यावर मी टोपी घातली, एक टोक पुढे. पोरांना तटावर बसवून सांगितलं. वेलस्ली तेव्हा ३४ वर्षांचा होता. तो दक्षिणेकडून तोफा डागत राहिला आणि खरा मारा कर्नल स्टीव्हन्सनचा, उत्तरेकडून. त्यासाठी डोंगरांतून वाट काढत तोफा ओढून आणल्या होत्या. बाहेरच्या तटाला भगदाड पडलं तरी आतला किल्ला मिळत नव्हता, मग कॅप्टन कॅम्पबेलची तुकडी शिड्या लावून चढली आणि तिने आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंह लढत पडला. टोपी हातोहात फिरवली. एकाने आडवी घातली तर दुसराच ओरडला, "अबे, तो नेपोलियन झाला!" माझे सहा महिने त्या एका ओरडण्यात वसूल झाले.

मग आमच्या घरामागचा नऊ वर्षांचा पोरगा बराच वेळ गप्प बसून म्हणाला, "काकू, हे जिंकणाऱ्याची टोपी हाय. मंग आपल्या मानसाईची कुठी हाय?"

सासऱ्यांचं पागोटं पिशवीत होतं, थंडीसाठी आणलेलं. मी ते त्याच्या डोक्यावर बांधलं. पहिला पेच कानावर दाबून. त्यानंतर तो उतरेपर्यंत तटाच्या कडेने चालत राहिला आणि आम्ही सगळे त्याच्या मागे.

एकूण खर्च १९,९४४ रुपये झाला, गाडीभाडं सोडून. टोपी आता कालबुतावर, सुती धोतराच्या तुकड्यात गुंडाळून, कडुनिंबाच्या वाळल्या पाल्यासोबत पेटीत आहे. लोकरीला कसर लागते, म्हणून दर अमावस्येला काढून सावलीत वारा देते. खुंटीवर टांगत नाही. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत तर चुकूनही नाही, कडकी गेली की काठ लोळतात. कराची पावती पेटीच्या झाकणाला आतून चिकटवली आहे.

तो पोरगा आता दर रविवारी सकाळी पागोटं शिकायला येतो. पहिला पेच अजून ढिला पडतो त्याचा. आबाजी ओट्यावरून बघत असतात.